बाटलीतले रोप आणि बिनबोलावलेले पाहुणे

इतिहास म्हटला की आपल्याकडे गड, तलवारी, तह आणि सनावळ्या डोळ्यांसमोर येतात. मी स्वतः इतिहासाचा एम. ए. गेली तीसेक वर्षे हाच विषय शिकवतो आहे आणि मुख्याध्यापकाच्या खुर्चीत बसल्यावरही इतिहासाचे चार तास मी हातचे सोडलेले नाहीत. परंतु वय वाढत गेले तसे एक ध्यानात येत गेले, की राजेरजवाड्यांच्या इतिहासाइतकाच साध्यासुध्या वस्तूंचा इतिहासही वाचण्याजोगा असतो. त्यात लढाया असतात, फितुरी असते, अन्यायही असतो आणि शहाणपण शिकवण्याची ताकद तर पुष्कळच असते. अशाच एका वस्तूची, म्हणजे काचेच्या एका बाटलीची, कथा वाचकांपुढे ठेवावी असे यंदा मनात आले.

या बाटलीत रोप वाढते. माती नाही, शेण नाही, पाऊस नाही. तळाशी थलथलीत खिरीसारखे काहीतरी, त्यावर बोटभर हिरवे कोंब आणि तोंडाला घट्ट झाकण. आपल्या भागातले शेतकरी ज्याला नुसते ‘टिश्यू’ म्हणतात, त्या केळीच्या रोपाचा जन्म अशा बाटलीत होतो. मराठी पुस्तकात याला ‘ऊतिसंवर्धन’ असा भारदस्त शब्द आहे. आमच्या शाळेच्या भिंतीपलीकडे कन्नड माध्यमाची मुले त्यालाच ‘अंगांश कृषी’ म्हणून शिकतात. शब्द तीन, बाटली एकच.

केळीला रुजणारे बी नाही. तिचा वंश वाढतो तो मुनव्यांवर. एका बागेतला मुनवा खणून दुसऱ्या बागेत लावायचा, ही आजोबा-पणजोबांपासूनची रीत. पण मुनव्याबरोबर जुन्या बागेतले सूत्रकृमी, विषाणू आणि कुजीचे जीवाणूही नव्या बागेत राहायला येतात. ऊतिसंवर्धनात मुनव्याच्या पोटातला कोंबाचा इवलासा शेंडा तेवढा घेतात, तो बाहेरून निर्जंतुक करतात आणि पोषक माध्यमावर ठेवतात. एका शेंड्याचे पाच कोंब, पाचांचे पंचवीस, असे करत सहाव्या फेरीला पंधरा हजार सहाशे पंचवीस रोपे होतात. सगळी एका आईची, एका वयाची. पुढे त्यांना मुळे फुटली की कोकोपीटमध्ये आणि शेडनेटखाली त्यांना बाहेरच्या हवेची सवय करतात आणि मग ती शेतकऱ्याच्या दारात येतात.

येथवर सगळे गोड आहे. आता यातली अडचण पाहू.

साखर तेथे मुंग्या

बाटलीतल्या माध्यमात क्षार असतात, जीवनसत्त्वे असतात, वाढीची संप्रेरके असतात आणि मुख्य म्हणजे साखर असते. १९६२ साली अमेरिकेत तोशिओ मुराशिगे आणि फोल्के स्कूग यांनी जे माध्यम प्रसिद्ध केले, तेच आजही जगभर वापरले जाते. त्यात लिटरमागे तीस ग्रॅम साखर आहे. ही मेजवानी रोपासाठी मांडलेली असते. पण जीवाणूंना कोणी आमंत्रण द्यावे लागत नाही. अनुकूल परिस्थितीत काही जीवाणू दर वीस मिनिटांनी दुप्पट होतात. एक जीवाणू संध्याकाळी आठ वाजता बाटलीत शिरला, तर हिशोबाने सकाळी सहा वाजता त्याचे शंभर कोटींवर वंशज झालेले असतात. तेवढ्या अवधीत रोपाची पेशी एकदासुद्धा दुभंगते की नाही याचा भरवसा नाही. दोनतीन दिवसांत माध्यमावर दुधाळ साय धरते आणि रोप काळे पडते.

आपल्या आया-आज्या लोणच्याच्या बरणीला ओला हात लावू देत नसत. पण लोणच्याचे रक्षण करायला मीठ आणि तेल असते. बाटलीतल्या रोपाला तसले कवच नाही. उलट लोणच्याच्या कैरीत जीव उरलेला नसतो; येथे मात्र जे वाचवायचे ते जिवंत आहे आणि जे मारायचे तेही जिवंत आहे. एकाला मारताना दुसऱ्याला धक्का लागू द्यायचा नाही. या कथेतला सगळा पेच एवढाच आहे.

औषधाआधीचे सोवळे

आता सनावळीकडे वळतो, कारण या विषयात सनावळीच फार बोलकी आहे.

वनस्पतीची सुटी पेशी बाटलीत जगवावी, ही कल्पना ऑस्ट्रियातील ग्राझ येथील गॉटलिब हाबरलांट यांनी १९०२ साली मांडली. त्यांच्या पेशी काही आठवडे जगल्या, थोड्या वाढल्याही. पण एकही दुभंगली नाही. पुढे १९३४ साली अमेरिकेत फिलिप व्हाइट यांनी टोमॅटोच्या मुळाचे टोक बाटलीतून बाटलीत नेत अखंड वाढते ठेवून दाखवले. १९३९ साली फ्रान्समध्ये गोथरे व नोबेकूर आणि अमेरिकेत पुन्हा व्हाइट, अशा तिघांनी वेगवेगळ्या ठिकाणी वनस्पतीच्या ऊती अमर्याद वाढवण्यात यश मिळवले.

आता दुसरी सनावळ पाहा. अलेक्झांडर फ्लेमिंग यांना पेनिसिलिनची बुरशी दिसली १९२८ साली, पण त्यातून औषध तयार झाले नाही. ऑक्सफर्डमध्ये फ्लोरी, चेन आणि हीटली यांनी उंदरांवर त्याचा गुण पाहिला तो १९४० मध्ये. महायुद्धाच्या अखेरच्या वर्षांत ते मोठ्या प्रमाणावर होऊ लागले. म्हणजे ऊतिसंवर्धनाचा पाया घातला गेला, तेव्हा जगात कोठेही प्रतिजैविक विकत मिळत नव्हते!

मग त्या मंडळींनी बाटली स्वच्छ ठेवली तरी कशी? त्यांच्यापाशी तीन गोष्टी होत्या. पहिली वाफ. पाश्चर यांचे सहकारी चार्ल्स शांबेरलां यांनी १८७९ साली ऑटोक्लेव्ह तयार केला. तो आपल्या प्रेशर कुकरचा थोरला भाऊच. पंधरा पौंड दाबाखाली वाफेचे तापमान १२१ अंशांवर जाते आणि पंधरा-वीस मिनिटांत जीवाणूंचे चिवट बीजाणूही मरतात. दुसरी गोष्ट म्हणजे रसायने : मद्यार्क, रसकापूर, विरंजक चूर्ण. यांनी ऊतीची कातडी तेवढी धुऊन निघते. आणि तिसरी गोष्ट म्हणजे हाताचे वळण. ज्योतीजवळ काम करायचे, चिमटा दर वेळी तापवायचा, बाटली उघडी असताना बोलायचे नाही. पुढे १९६० नंतर गाळलेल्या हवेचा संथ झोत सोडणारी ‘लॅमिनार फ्लो’ची टेबले आली आणि काम सोपे झाले, तत्त्व तेच राहिले.

हे सगळे म्हणजे एक प्रकारचे सोवळेच. फरक इतकाच, की या सोवळ्यात माणसाचा जन्म कोणी विचारत नाही. हात धुतलेत का, एवढेच विचारतात.

आणि हो, बाटलीतली ती थलथलीत खीर! तीही एका गृहिणीची देणगी आहे. जर्मनीत रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेत जिलेटिनवर जीवाणू वाढवत असत. ते उन्हाळ्यात वितळून जाई. सहकारी वाल्टर हेसे यांच्या पत्नी फॅनी यांनी सुचवले, की मी मुरंब्यासाठी अगार-अगार वापरते, ते वापरून पाहा. ही गोष्ट १८८१-८२ सालची. आपल्याकडे पुडिंगसाठी ‘चायना ग्रास’ मिळते, ते हेच. जीवाणूंसाठी निघालेला हा पदार्थ पुढे रोपांच्याही बाटलीत आला.

औषध येते आणि पाने पांढरी पडतात

युद्ध संपता संपता प्रतिजैविके आली. साहजिकच माणसाच्या रोगजंतूंवर चालणारे औषध बाटलीतल्या जंतूंवरही चालावे, असा विचार पुढे आला. येथे गाठ पडली स्ट्रेप्टोमायसिनशी.

स्ट्रेप्टोमायसिनचा इतिहास स्वतंत्र लेखाचा विषय आहे. अमेरिकेतील रटगर्स येथे सेल्मन वाक्समन यांच्या हाताखाली काम करणाऱ्या अल्बर्ट शाट्झ या तेवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने ऑक्टोबर १९४३ मध्ये हे औषध देणारा मातीतला सूक्ष्मजीव वेगळा केला. क्षयरोगावरचे ते पहिले प्रभावी प्रतिजैविक. पुढे स्वामित्वाच्या पैशांवरून शिष्याने गुरूवर दावा लावला. १९५० साली झालेल्या तडजोडीत शाट्झ यांना सहशोधक मानले गेले. पण १९५२ चे नोबेल पारितोषिक मात्र एकट्या वाक्समन यांना मिळाले.

आपल्या कथेला हवा तो धागा वेगळाच आहे. १९४७ साली स्वीडनमध्ये हान्स फॉन ऑयलर यांना आढळले, की स्ट्रेप्टोमायसिन दिलेले बार्लीचे अंकुर पांढरेफटक उगवतात. १९४८ साली प्रोवासोली, हटनर आणि तेच अल्बर्ट शाट्झ यांनी दाखवले, की यूग्लीना नावाच्या हिरव्या एकपेशीय जीवाला हे औषध दिले तर त्याचा हिरवेपणा जातो आणि त्याच्या पुढच्या पिढ्याही पांढऱ्याच राहतात. यूग्लीना मरत नाही, फक्त तिचे हरितलवक नाहीसे होते.

जीवाणूंच्या औषधाने वनस्पतीचा हिरवा रंग का जावा? याचे उत्तर उलगडायला आणखी वीस वर्षे लागली. रशियन शास्त्रज्ञ मेरेश्कोव्स्की यांनी १९०५ सालीच म्हटले होते, की हरितलवक हा मुळात वनस्पतीच्या पेशीत येऊन स्थायिक झालेला परका जीव असावा. कोणी फारसे मनावर घेतले नाही. १९६७ साली अमेरिकेच्या लिन मार्ग्युलिस यांनी हाच विचार नव्या पुराव्यानिशी मांडला आणि आज तो पाठ्यपुस्तकात आहे. हरितलवक आणि पेशीला ऊर्जा पुरवणारी तंतुकणिका, ही दोन्ही कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या जीवाणूंची वंशज.

आपल्या शहापूर-वडगावच्या वाचकांना हे मागाच्या भाषेत सांगता येईल. प्रत्येक पेशीत प्रथिने विणणारे सूक्ष्म माग असतात. त्यांना रायबोझोम म्हणतात. जीवाणूंच्या मागाची घडण वेगळी आणि वनस्पतीच्या मोठ्या मागाची वेगळी. स्ट्रेप्टोमायसिन, कॅनामायसिन, टेट्रासायक्लिन, क्लोरॅम्फेनिकॉल ही औषधे जीवाणूंच्या घडणीचा माग बंद पाडतात. पण हरितलवकात आणि तंतुकणिकेत जे माग आहेत, ते याच जुन्या घडणीचे! मग बाटलीतल्या शत्रूवर सोडलेले औषध घरातल्या जुन्या बिऱ्हाडकरूलाही लागते. जीवाणू मरावा इतके औषध दिले तर रोप फिके पडते, मुळे खुंटतात. रोप जपण्याइतके कमी दिले तर जीवाणू मरत नाही.

पेनिसिलिनच्या घराण्याचे तसे नाही. ही औषधे मागाकडे पाहतच नाहीत. जीवाणूची भिंत बांधणाऱ्या गवंड्याला ती अडवतात. वनस्पतीच्या पेशीलाही भिंत असते, परंतु ती सेल्युलोजची. तिचे गवंडी निराळे. म्हणून रोपाला हे घराणे पुष्कळच मानवते. मात्र मूळ पेनिसिलिनला दाद न देणारे जीवाणूही बरेच असतात. त्यांच्यासाठी १९६७ साली ब्रिटनमधून आलेले कार्बेनिसिलिन आणि १९८० च्या सुमारास आलेले सेफोटॅक्झिम यांचा बाटलीत शिरकाव झाला.

सेफोटॅक्झिमचे कूळ शोधत गेलो तर आपण सार्डिनिया बेटावरच्या एका गटारापाशी पोचतो. कालियारी शहराचे सांडपाणी जेथे समुद्राला मिळते, तेथे जुझेप्पे ब्रोत्झू यांना १९४५ साली एक बुरशी सापडली. ती जीवाणूंना रोखणारा पदार्थ सोडत होती. १९४८ साली त्यांनी हे प्रसिद्ध केले आणि बुरशी ऑक्सफर्डला पाठवली. तेथे एडवर्ड एब्राहम आणि गाय न्यूटन यांनी तिच्यातून सेफॅलोस्पोरिन सी वेगळे केले. त्या घराण्यातली पुढची पिढी म्हणजे सेफोटॅक्झिम. सोवळ्यातल्या बाटलीचा रखवालदार गटारातून आलेला, हा इतिहासाचा विनोदच म्हणायचा.

हे रखवालदारही अगदी निरुपद्रवी नाहीत. कार्बेनिसिलिन विघटित झाले की त्यातून फेनिलॲसेटिक आम्ल निघते आणि ते वनस्पतीच्या वाढीच्या संप्रेरकासारखे वागते. १९९२ साली स्नॅपड्रॅगनच्या रोपांवर केलेल्या प्रयोगांत हे स्पष्ट झाले. पाहारेकरी म्हणून ठेवलेला माणूस स्वयंपाकघरात लुडबुड करू लागावा, तशी गत. शिवाय यांतली बहुतेक औषधे उष्णतेने बिघडतात. म्हणून माध्यम ऑटोक्लेव्हमधून काढून पन्नास अंशांपर्यंत निवल्यावर, ०.२२ मायक्रॉन छिद्रांच्या गाळणीतून गाळूनच ती घालावी लागतात.

ज्याला बोलावले, त्यालाच घालवायचे

प्रतिजैविकांशिवाय ज्याचे पान हलत नाही, असे ऊतिसंवर्धनातले एक काम मात्र आहे. त्याचीही कुळकथा थोडक्यात सांगतो.

झाडाच्या खोडावर गाठ आणणारा एक जीवाणू आहे. आज त्याला ॲग्रोबॅक्टेरियम म्हणतात. स्मिथ आणि टाउनसेंड यांनी १९०७ साली त्याचा छडा लावला. १९४० नंतरच्या काही वर्षांत आर्मिन ब्राउन यांनी आपल्या ओळखीच्या सदाफुलीवर प्रयोग केले. गाठ सुरू झाल्यावर त्यांनी झाड इतक्या उष्णतेत ठेवले, की जीवाणू मरावा आणि सदाफुली जगावी. जीवाणू मेला, पण गाठ वाढतच राहिली. फिलिप व्हाइट यांच्यासह त्यांनी सूर्यफुलाची जीवाणूविरहित गाठ बाटलीतही वाढवून दाखवली. पाहुणा निघून गेला, पण घरात काहीतरी ठेवून गेला, हे त्यातून सिद्ध झाले.

ते काहीतरी म्हणजे जीवाणूच्या जनुकांचा एक तुकडा, हे १९७७ साली मेरी-डेल चिल्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले. १९८३ साली बेल्जियम व अमेरिकेतील गटांनी याच जीवाणूच्या हातून हवे ते जनुक वनस्पतीत घालण्यात यश मिळवले. तेव्हापासून पानाचे तुकडे या जीवाणूत बुडवतात, दोनतीन दिवस एकत्र ठेवतात आणि काम झाले की सेफोटॅक्झिम किंवा कार्बेनिसिलिन देऊन त्याला हाकलतात. जनुकाबरोबर बहुधा कॅनामायसिन पचवण्याची ताकद देणारे दुसरे जनुकही जोडलेले असते. मग कॅनामायसिनच्या माध्यमावर ज्यांना जनुक मिळाले ते कोंब हिरवे राहतात आणि बाकीचे पांढरे पडतात. १९४७ साली बार्लीच्या अंकुरांत जो दोष दिसला, त्याचीच येथे चाळणी झाली.

दडून बसलेला पाहुणा

एवढी औषधे हाताशी असताना प्रत्येक बाटलीत थोडे थोडे घालून निर्धास्त का होऊ नये? या प्रश्नाचे उत्तर शास्त्रज्ञांना आधी प्राण्यांच्या पेशींनी शिकवले. १९४० च्या दशकाच्या अखेरीपासून प्राण्यांच्या पेशी वाढवणाऱ्या प्रयोगशाळांत पेनिसिलिन आणि स्ट्रेप्टोमायसिन सर्रास वापरले जाऊ लागले. बाटल्या स्वच्छ दिसत होत्या. १९५६ साली अमेरिकेत आढळले, की हेला नावाच्या जगप्रसिद्ध मानवी पेशींत मायकोप्लाझ्मा राहत आहेत. यांना भिंतच नसते. मग भिंतीच्या गवंड्याला अडवणारे पेनिसिलिन त्यांचे काय करणार? ते माध्यम गढूळही करत नाहीत. औषधाने दिसणारे शत्रू मारले आणि न दिसणाऱ्यांना रान मोकळे झाले.

त्याआधी १९४४ साली आयरिश जीवाणुशास्त्रज्ञ जोसेफ बिगर यांनी आणखी एक गोष्ट नोंदवली होती. पेनिसिलिन कितीही द्या, काही थोडे जीवाणू उरतातच. ते औषधाला प्रतिकार करत नाहीत. वाढ थांबवून निपचित पडून राहतात. पेनिसिलिन वाढत्या जीवाणूलाच मारते, तेव्हा झोपलेला वाचतो आणि औषध संपले की उठतो. खुद्द फ्लेमिंग यांनी १९४५ च्या नोबेल व्याख्यानात इशारा दिला होता, की अपुऱ्या मात्रेने जंतू मरत नाहीत, शिकून शहाणे होतात.

वनस्पतींच्या बाबतीत तर आणखी अडचण आहे. जीवाणू केवळ कातडीवर नसतात. ऊतींच्या आत, पेशींच्या फटींतही राहतात आणि बाहेरून धुतल्याने जात नाहीत. १९८० च्या दशकात आयर्लंडमधील कॉर्क येथे या छुप्या जीवाणूंवर शास्त्रज्ञांचा स्वतंत्र परिसंवाद भरला, यावरून प्रश्न किती वाढला होता ते दिसते. आपल्या राज्यातच, बंगळूरच्या भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेत या शतकाच्या आरंभापासून केळी, पपई यांच्या संवर्धनांवर अभ्यास झाला. वरून पूर्ण स्वच्छ दिसणाऱ्या बाटल्यांतही जीवाणू वस्तीला असतात, असे त्यातून पुढे आले. त्यांतले सगळे अपायकारक नसतात; काही तर रोपाच्या उपयोगी पडतात. पण कोण कोणत्या वृत्तीचा, हे ओळखल्यावाचून कळत नाही.

माझा एक माजी विद्यार्थी पुण्याकडील एका ऊतिसंवर्धन प्रयोगशाळेत नोकरीला आहे. सुट्टीत गावी आला की भेटून जातो. मी त्याला विचारले, “अरे, तुमच्याकडे ही औषधे रोज लागत असतील ना?”

तो म्हणाला, “नाही सर. रोज लागतो तो साबण. अँटिबायोटिक फ्रीजमध्ये कुलपात असतं. एखादं दुर्मीळ झाड असेल, दुसरा नमुना मिळणारच नसेल, तरच ते बाहेर निघतं.”

“आणि साधी केळी असेल तर?”

“तर बाटली ऑटोक्लेव्हमध्ये टाकून मारायची आणि मग फेकून द्यायची, सर. जीव तुटतो, पण तेच स्वस्त पडतं. औषध घालून एक आई वाचवली आणि तिच्या पोटात जंतू दडून राहिला, तर पुढच्या पंधरा हजार पोरी तोच घेऊन शेतकऱ्याच्या घरी जाणार.”

पुढे त्याने सांगितले, की कोंबाच्या बुडख्याची एक चकती कापून ती मुद्दाम जीवाणूंच्या आवडत्या माध्यमावर ठेवतात. दडलेला पाहुणा असेल तर तेथे तो बाहेर येतो. अशी परीक्षा औषध न दिलेल्या ऊतीवरच घ्यावी लागते. औषध अंगात असताना परीक्षा घेतली तर कोणीही पास होईल. शाळेत इतकी वर्षे घालवलेल्या मला हा शेवटचा मुद्दा सांगण्यासाठी दुसरे उदाहरण द्यावे लागले नाही.

आपल्या दाराशी

या इतिहासाचे दोन्ही धागे आपल्या जवळच एकत्र आले. सरकारी मालकीची हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही कंपनी १९५४ साली पुण्याजवळ पिंपरीला उभी राहिली. जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांचे तिला साहाय्य होते. तेथून थोड्या अंतरावर, पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत १९७० च्या दशकात डॉ. जगन्नाथन आणि डॉ. मस्कारेन्हस यांच्या गटाने ऊतिसंवर्धनाचे काम जोमाने केले. १९८० साली सागवानाची रोपे बाटलीतून वाढवल्याचे त्यांनी प्रसिद्ध केले. १९९० साली तर बाटलीतल्या बांबूला फुले आणण्याची बातमी तेथून आली. खानापूरच्या जंगलातला बांबू कित्येक दशकांनी एकदा फुलतो, हे ज्यांनी पाहिले-ऐकले आहे, त्यांना या बातमीचे मोल वेगळे सांगायला नको. त्याआधी १९६४ साली दिल्ली विद्यापीठात शिप्रा गुहा आणि सतीशचंद्र माहेश्वरी यांनी धोत्र्याच्या परागकोशातून रोपे उगवून जगाला चकित केले होतेच.

औषधाचे म्हणाल, तर पिंपरीचे स्ट्रेप्टोसायक्लिन आपल्या शेतकऱ्यांना नवे नाही. त्यात नव्वद टक्के स्ट्रेप्टोमायसिन आणि दहा टक्के टेट्रासायक्लिन असते. सोलापूर, विजापूर, बागलकोटच्या डाळिंबांवर तेल्या आला तेव्हा त्याच्या पुड्यांमागून पुड्या फवारल्या गेल्या. बाटलीच्या आत जे मोजून, कुलपातून काढून द्यायचे, ते बाहेर पंपाने उडू लागले. स्ट्रेप्टोमायसिन हे क्षयरोग्यांचे औषध. त्याला सरावलेले जीवाणू मातीत वाढले तर त्याची झळ माणसालाच लागणार, ही भीती अनाठायी नव्हती. डिसेंबर २०२१ मध्ये केंद्र सरकारने शेतीतला या दोन औषधांचा वापर टप्प्याटप्प्याने बंद करण्याच्या आदेशाचा मसुदा काढला, तो याच कारणाने. बाटलीतल्या रोपांसाठीही २००६ पासून केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाची प्रमाणपत्र पद्धत आहे. रोपे घेताना शेतकऱ्याने भाव विचारावा, तसे प्रमाणपत्रही विचारावे. एकरी हजारावर रोपे लावणाऱ्या माणसाचे वर्ष त्या कागदावर अवलंबून असते.

शंभर-सव्वाशे वर्षांचा हा इतिहास चाळल्यावर मला त्यात एकच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. हाबरलांट, व्हाइट, गोथरे यांनी औषधाविना जे साधले, ते आधी वाफेने आणि हाताच्या वळणाने साधले. प्रतिजैविके आली तेव्हा त्यांनी अशक्य ते काही शक्य केले. दुर्मीळ झाड वाचवले, जनुके नेण्याची वाट मोकळी केली. पण जेथे जेथे ती स्वच्छतेच्या जागी वापरली गेली, तेथे दोष नाहीसा झाला नाही, फक्त दिसेनासा झाला. स्वभावाला औषध नाही, असे आपण म्हणतो. निष्काळजीपणालाही ते नाही.

आमच्या शाळेत पाण्याच्या टाकीशेजारी नव्या नळांची रांग बसवली आहे. डबा उघडण्याआधी हात धुवा, असे त्यावर मराठी आणि कन्नड अशा दोन्ही लिप्यांत लिहून घेतले आहे. नववीच्या वर्गाला यंदा मी फ्लेमिंग आणि शाट्झ शिकवणार आहे. पण त्या दिवशी तास सुरू करण्यापूर्वी सगळ्यांना आधी नळापाशी पाठवणार आहे.